वहिनीची आई लग्नाला आली नाही

माझा नवरा झोपेत बडबडतो. मी बडबडत नाही. बडबडत असते तर जे आता लिहायला बसले आहे ते आमच्या घरात केव्हाच सगळ्यांना कळलं असतं, आणि बरंच झालं असतं. जागेपणी तर मी मुळातच कमी बोलते. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. तिथं गप्प बसण्याचाच पगार मिळतो. त्यामुळं माझ्या गप्प बसण्यात काही दडलेलं असेल, अशी शंका आजवर कुणाला आली नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे. जरा सावकाश सांगेन — चालेल ना?

गेल्या पावसाळ्यात माझी वहिनी गेली. अनिता. दुखणं मोठं होतं, पण तिच्या तेराव्याला जमलेली माणसं रडायची सोडून हसत होती. आमचे सत्तरीचे काका आठवण सांगत होते, की ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिच्याकडच्या रीतीप्रमाणं तिनं त्यांच्या गालाला गाल लावून नमस्कार केला, आणि ते त्यानंतर बराच वेळ देवघरात जाऊन बसले. प्रत्येकाकडं तिचा एकेक किस्सा होता. माझ्याकडं सगळ्यांत जास्त. मीही सांगितले, मीही हसले. एक तेवढा सांगितला नाही.

वहिनी मेक्सिकोची. म्हणजे — इथंच तिची पहिली अडचण होती. चार वर्षांची असताना आईच्या कडेवर बसून तिनं सरहद्द ओलांडली आणि ती टेक्सासमध्ये वाढली. वडील शेतात कांदे काढायचे, आई हॉटेलच्या खोल्या साफ करायची. शाळेत स्पॅनिश बोललं की बाई डोळे वटारायच्या, म्हणून ती इंग्रजी शिकली; मग मावश्या म्हणायला लागल्या, ही तर गोऱ्यांची झाली. शाळेतल्या मुलींना ती मेक्सिकनच वाटायची. ती म्हणायची, मी दोन्ही घरांत पाहुणी होते, पाहुणचार मात्र एकाही घरात झाला नाही. हे ती हसत सांगायची. ती बहुतेक सगळंच हसत सांगायची.

दादा तिकडं शिकायला गेला होता. तिथं त्यांचं जमलं, लग्न झालं, आणि काही वर्षांनी आईसाठी म्हणून दादा परत आला. औरंगाबादजवळ शेंद्र्याला नव्या कंपनीत त्याला काम मिळालं. अमेरिकेची सून येणार म्हणून आमची गल्ली गच्च्यांवर उभी होती. रिक्षातून उतरली ती सावळी, काळ्याभोर केसांची, नाकीडोळी आमच्या जालन्याच्या मामेबहिणीसारखी. त्यातून नाव अनिता. समोरच्या काकू उघड उघड नाराज झाल्या. ‘आपल्यासारखीच दिसायली की,’ असं म्हणून त्या आत गेल्या. वहिनीला मात्र याचंच सुख वाटायचं. गुलमंडीच्या बाजारात आपल्याकडं कुणी वळून बघत नाही, हे तिनं मला कितीदा तरी सांगितलं. आपल्याला हे सुख वाटेल का? आपल्याकडं तर ते जन्मापासून असतं.

आईला इंग्रजी येत नव्हतं, वहिनीला मराठी. मध्ये मी. आई म्हणायची, हिला भाकरी येत नाही, पोळी येत नाही, मग येतं तरी काय? मी वहिनीला सांगायचे, आई विचारते आहे, तुला काय करायला आवडेल? बोलण्यातलं तिखट काढून मी पुढं द्यायचे. दोघींची एकमेकींवर माया जडली त्यात माझा वाटा आहे असं मी समजत असे, आणि तो होताही. पण आता वाटतं, पुढच्या खोट्याचा सराव मी तिथंच तर केला नाही?

त्या माझ्या प्रश्नाचा परिणाम असा झाला, की वहिनीनं मका मागवला. फुलंब्रीहून दूध घालायला यायचे ते काका पोतंभर घेऊन आले आणि ओट्यावर टेकून म्हणाले, ‘वैनी, मका आमच्याकडं ढोरं खात्यात.’ वहिनीला तोवर जे काही मराठी येत होतं ते या काकांकडूनच आलेलं. ती म्हणाली, ‘व्हय? मग ढोरं लई हुशार हायत तुमची.’ काका महिनाभर गल्लीत हे सांगत फिरत होते. तिला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, पाट्यावर वाटायचा होता. तिच्या आईच्या गावी तसाच वाटतात म्हणे, पाटाही साधारण तसाच असतो. चुना आणायला आम्ही पानवाल्याकडं गेलो. तो मोठा पुडा बांधता बांधता म्हणाला, ‘बाजी, इत्ता चूना? घर में कित्ते जने पान खाते?’ त्या मक्याच्या भाकऱ्या आईनं आधी बोटानं दाबून पाहिल्या, वास घेतला, मग एक खाल्ली. मग दुसरीसाठी ताट पुढं केलं.

पाहा, मी किती लांबून चालले आहे. मका, चुना, दूधवाले काका. जिथं जायचं आहे तिथं पाय लवकर वळत नाहीत.

तेव्हा मला तेहतिसावं सरत होतं. त्याआधी जालन्याचं एक स्थळ जमत आलं होतं. पत्रिका जुळली होती, देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता. पाहुण्यांनी सहज विचारलं, सूनबाईंचं माहेर कुठलं? दादानं अभिमानानं सांगितलं, मेक्सिको. आठवड्यानं निरोप आला, पत्रिका जुळत नाही. खरं कारण वेगळंही असेल. माझं वय असेल, माझा चष्मा असेल. पण मी ते कारण वहिनीच्या माथी मारलं — मनातल्या मनात. तोंडानं मी तिला म्हटलं होतं, जाऊ दे गं.

मग औरंगपुऱ्यातलं स्थळ आलं. मुलगा गणिताचा शिक्षक. त्यानं मला स्वयंपाकाचं विचारलं नाही. हल्ली काय वाचताय, ते विचारलं, आणि मी सांगितलं तेव्हा पूर्ण ऐकून घेतलं. मला तो आवडला. हे लिहितानाही लाजायला होतंय, म्हणजे बघा. पुरुषमंडळी बाहेर ओसरीवर बसली आणि त्याची आई आमच्या स्वयंपाकघरात आली. आपल्याकडं बायका येतातच आत — घर कसं आहे ते ओट्यावर कळतं. वहिनी आमच्याकडं पाठ करून पोह्यांवर कोथिंबीर घालत होती. त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, ‘वहिनीचं माहेर कुठलं गं?’

मी म्हटलं, ‘गोव्याच्या आहेत त्या.’

इतकंच. आधी ठरवलेलं नव्हतं. जिभेवर गोवा कुठून आला मला माहीत नाही. पण एकदा आला, आणि चपखल बसला. तिचे उच्चार वेगळे का? गोव्याच्या. फोनवर भलतंच काय बोलतात? त्यांच्याकडं जुन्या घरांत पोर्तुगीज बोलतात. मराठवाड्यात गोवा पाहिलेलं माणूस तेव्हा विरळा. ज्यानं पाहिला तोही नुसता समुद्र पाहून आलेला. त्यांना कुणाला काय कळणार होतं? दर रविवारी सकाळी टेक्सासहून फोन यायचा आणि वहिनी ‘मामा, मामा’ म्हणून तासभर बोलायची. ती आईलाच मामा म्हणायची. पण माझ्या होणाऱ्या सासूबाई एकदा रविवारी आल्या असताना कौतुकानं म्हणाल्या, मामांचा किती जीव आहे हो भाचीवर. मी मान हलवली.

साखरपुडा झाल्यावर त्यांना जेवायला बोलावलं तेव्हा वहिनीनं मक्याच्या वाटणात मिरची-बटाटा भरून, ते कणसाच्या पानात बांधून उकडलं. ‘तामाल’ म्हणतात त्याला. मी श्वास रोखून बसले होते. सासूबाईंनी एक पान सोडवलं, चव घेतली आणि म्हणाल्या, ‘या गोव्याच्या पातोळ्या ना? छान झाल्यात.’ मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं.

वहिनीच्या कानावर गोवा पडला नाही असं नाही. तिला वाटलं, लोक आपले अंदाज बांधतात. आयुष्यभर तेच पाहत आलेली ती. रात्रीची भांडी आवरताना मला म्हणाली, तिकडं सगळे मला विचारायचे, तू कुठली? इथं सगळे मला सांगतात, तू इथली. आणि हसत सुटली. तो अंदाज नव्हता, मी पेरलेला होता — हे तिला कधीच कळलं नाही.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलं नसतं. इथपर्यंतचं कदाचित तेराव्याला सांगून टाकलंही असतं, लोक हसले असते.

लग्न वैशाखात ठरलं. आणि वहिनीच्या आईनं कळवलं, मी येते.

तुम्हाला हे नीट सांगायला हवं. त्या बाईंकडं वर्षानुवर्षं कागद नव्हते. मुलीचे झाले, आईचे रखडले. कागदाशिवाय अमेरिकेतून बाहेर पडलं की परत जाता येत नाही, म्हणून त्या स्वतःच्या आईच्या अंत्यविधीलाही गावी जाऊ शकल्या नव्हत्या. आता कागद नुकतेच हातात आले होते. आणि कागद मिळाल्यावरचा पहिला प्रवास — आपल्या गावाकडं नाही, तर आमच्याकडं. औरंगाबादला. मुलगी कुठल्या घरात राहते, कुठल्या पाट्यावर वाटते, ते त्यांना बघायचं होतं. फोनवर त्या मराठी शिकत होत्या. ‘जेवलीस का’ एवढं त्यांना येऊ लागलं होतं, आणि ते त्या दादालाही विचारायच्या. आईनं विहीणबाईंसाठी मानाची साडी काढून ठेवली. वहिनीनं मागच्या खोलीला स्वतः रंग दिला — असा पिवळा, की दूधवाले काका म्हणाले, हळदीचं वावर झालंय. मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

आणि मला झोप लागेना. ती बाई मांडवात येणार. स्पॅनिश बोलणार. दादा जो भेटेल त्याला सांगणार, ह्या माझ्या सासूबाई, मेक्सिकोच्या. मग गोवा कुठं जाणार? मग मी कोण ठरणार? तो काय म्हणेल, ज्यानं माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं होतं?

मला तेव्हा दोन वाटा होत्या. त्याला जाऊन सांगायचं — तो घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर राहत होता. किंवा वहिनीला सांगायचं. ती पोट धरून हसली असती आणि तिनंच काहीतरी मार्ग काढला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. नव्हतं असं मी म्हणणार नाही.

एका दुपारी आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो. मी म्हटलं, वहिनी, मला तुझ्या आईची काळजी वाटते. इथला वैशाख त्यांना झेपेल का? त्यांना बीपी आहे. नळाला पाणी दिवसाआड, वीज कधी जाईल नेम नाही, लग्नघरात कोण कुणाकडं बघणार? त्यापेक्षा दिवाळीत बोलाव. हवा छान असते. मी स्वतः रजा काढून त्यांना वेरूळ दाखवीन.

बघा, यातला एक शब्द खोटा नव्हता. ऊन होतं. बीपी होतं. वेरूळ मी दाखवलंही असतं. खोटं बोलायला शब्द खोटेच लागतात असं कुठं आहे?

वहिनी हातातला पापड तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली, ‘तू बरोबर बोलतीस वसू. मी माझ्याच आनंदात होते, तिचा विचारच नाही केला.’ म्हणजे वर तिनं स्वतःलाच दोष दिला. त्या रविवारी तिनं फोनवर आईला समजावलं. मी बाजूच्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. मला स्पॅनिशमधले जे एकदोन शब्द कळायचे त्यात ऊन होतं — कालोर. ती तो पुन्हा पुन्हा म्हणत होती. पलीकडून काय म्हणत असतील ते मला ऐकू येत नव्हतं. बराच वेळ चाललं ते. मग वहिनीनं फोन ठेवला आणि सगळं ठरल्यासारखं मोठ्यानं म्हणाली, दिवाळी.

लग्न थाटात झालं. त्या बाईंनी स्वतः येण्याऐवजी त्यांच्या हातच्या भरतकामाचं मोठं कापड पाठवलं, लाल-निळ्या पक्ष्यांचं. ते आम्ही रुखवतात मधोमध मांडलं. सासरच्या एका बाईनं विचारलं, हे कुठलं काम हो? मी मुंडावळ्या बांधून उभी होते. मी म्हटलं, गोव्याचं. वहिनी दोन हातांवर होती, पण वाजंत्री चालू होती. तिनं फक्त आपल्या आईच्या कापडाकडं बोट दाखवलेलं पाहिलं, आणि ती अभिमानानं हसली.

दिवाळी यायच्या आत तिची आई गेली. मेंदूत रक्तस्राव, दोन दिवसांत. वहिनीला तेव्हा सातवा महिना होता, डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. त्यांच्या इच्छेप्रमाणं त्यांना त्यांच्या गावी नेऊन पुरलं. कागद हातात आल्यावरचा त्यांचा पहिला प्रवास तो झाला.

मी माहेरी गेले. वहिनी त्या पिवळ्या खोलीत बसली होती. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, ‘बरं झालं तू तेव्हा थांबवलंस. इथं उन्हात तिला काही झालं असतं, तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं.’

तेव्हा मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, ‘हो.’

दादाचं तसंच, आईचंही तसंच. वसूनं केवढा विचार केला, असं आमच्या घरात ठरून गेलं. पुढं मीरा झाली, घर पुन्हा हसायला लागलं, मक्याच्या भाकऱ्या गल्लीत घरोघर जाऊ लागल्या. माझा संसारही छान झाला. खोटं सांगत नाही. गणिताचा शिक्षक अजून मी काय वाचते ते विचारतो.

मग काही वर्षांनी, मेथी निवडत बसलो असताना, सासूबाईंना काय आठवलं कोण जाणे. म्हणाल्या, वहिनीला म्हणावं, पुन्हा कर ते मक्याचं, तुमच्या मेक्सिकोचं. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मिश्कील हसल्या. ‘अगं, तुझ्या दादानं पहिल्याच दिवशी ओसरीवर ह्यांना सगळं सांगितलं होतं. नकाशा काढून दाखवला होता म्हणे, खडूनं, फरशीवर. आम्ही रिक्षात बसलो ते त्याच गप्पा करत.’

मी विचारलं, मग तुम्ही पातोळ्या का म्हणालात?

‘तू आत मला गोवा म्हणालीस ना. म्हटलं, पोरीला अवघड वाटायलंय. कशाला तिला उघडं पाडायचं? घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, गोवाच म्हणायचं.’ आणि त्या पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या. मीही हसले. काय करणार? सगळं सासर माझं मन राखायला गोवा गोवा करत होतं, आणि तिकडं एक बाई भरलेली बॅग रिकामी करत होती.

तेव्हा तरी वहिनीला सांगायला हवं होतं. ती पुढं अनेक वर्षं जगली. आम्ही दर आठवड्याला भेटायचो. मी सांगितलं नाही. कारण शोधून पाहिलं; जे सापडलं ते असं, की मला तिचं ते आभार मानणं सोडवत नव्हतं.

शेवटच्या महिन्यांत मीरा तिच्या उशाशी बसून आजीबद्दल विचारायची. एकदा मीही तिथं होते. वहिनीनं तिला सगळं सांगितलं — कांद्याची शेतं, हॉटेलच्या खोल्या, रखडलेले कागद, पिवळी खोली — आणि माझ्याकडं हात करून म्हणाली, ही आत्या लई शहाणी. हिनं माझ्या आईला उन्हातून वाचवलं. आवाज बसलेला, पण खुशीत होती. मीरानं माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, ‘त्या वर्षी ऊन फारच होतं.’

ऊन होतं. पण मी तिला उन्हासाठी थांबवलं नव्हतं. माझं एक खोटं उघडं पडू नये म्हणून मी एका बाईला तिच्या मुलीचं घर बघू दिलं नाही. मग तिच्या मुलीकडून त्याचे आभार घेतले, आयुष्यभर.

मीरा डिसेंबरात आजीच्या गावी चालली आहे. आईच्या अस्थी थोड्या ठेवल्या आहेत तिनं, त्या आजीशेजारी ठेवायच्या आहेत. सोबत मला ये म्हणते. तिकडं डोंगरात थंडी असते आत्या, स्वेटर घे, म्हणाली. आणि म्हणाली, तिथं गेल्यावर मी आजीला सांगणार आहे, ही बघ, तुझी काळजी करणारी वसूआत्या.

मी येते म्हटलं आहे. स्वेटर काढून ठेवला आहे.